रिसॉर्टांतील आठवड्याची किंमत

थंड हवेच्या ठिकाणीं स्वतःचें एखादें घर असावें ही हौस पुष्कळ कुटुंबांना असते. परंतु वर्षांतून आठ दिवस राहण्याकरितां बारा महिने माळी व रखवालदार पोसणें फारच थोड्यांना परवडतें. टाइमशेअरची कल्पना या अडचणींतून निघाली. १९६० नंतरच्या दशकांत युरोपांत तिचा उगम झाला व पुढें अमेरिकेंत ती फोफावली. एकाच बिऱ्हाडाचे वर्षांतील आठवडे निरनिराळ्या कुटुंबांना विकावयाचे, हें तिचें मूळ स्वरूप. दुरुस्तीसाठीं दोन आठवडे राखले, तर एका बिऱ्हाडाला पन्नास मालक मिळतात.

मग नवें रिसॉर्ट विक्रीस निघतांना एका आठवड्याची किंमत कशी ठरते? जमीन, बांधकाम व सामानसुमान मिळून एका बिऱ्हाडास पन्नास लाख रुपये लागले अशी कल्पना केली, तर पन्नासांनीं भागून एक लाख हा आंकडा येतो. साध्या भागाकाराचा हा आंकडा दरपत्रकांत मात्र कोठेंच आढळावयाचा नाहीं. बांधणाराला एका बिऱ्हाडासाठीं एक नव्हे, पन्नास गिऱ्हाइकें गांठावयाचीं असतात. त्यांना जेवणाचें किंवा फुकट मुक्कामाचें आमिष दाखवून बोलवावें लागतें, आणि आलेल्यांपैकीं पुष्कळ जण पाहुणचार झोडून कांहीं न घेतां परत जातात. त्यांच्या जेवणाचे पैसे अर्थातच घेणाऱ्याच्या किंमतींत चढतात! अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांच्या जाहीर हिशेबांवरून दिसतें कीं, विक्रीच्या रकमेचा निम्म्याच्या आसपास भाग विक्री व जाहिरात यांतच खर्च होतो. इमारतीचा वाटा त्याहून पुष्कळ लहान असतो. घेतलेला आठवडा दुसऱ्यास विकावयास गेल्यास मूळ किंमतीच्या फार खालीं जातो, त्याचें मुख्य कारण हेंच. दुसरा गिऱ्हाईक त्या जाहिरातीचे पैसे कशाला देईल?

शिवाय सर्व आठवडे सारख्या तोलाचे नसतात. एकच दर ठेवला, तर नाताळाचे व मे महिन्याचे आठवडे हातोहात जातील आणि पावसाळ्यांतले बांधणाराच्या गळ्यांत पडतील. महिंद्र हॉलिडेज या १९९६ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कंपनीनें २५ वर्षांच्या सदस्यत्वाकरितां जांभळा, तांबडा, पांढरा व निळा असे हंगाम पाडले ते याचसाठीं. डिस्ने कंपनीनें १९९१ सालीं फ्लोरिडांत आठवड्यांऐवजीं पॉइंट विकण्यास आरंभ केला. गर्दीच्या दिवसांना पॉइंट जास्त, इतर दिवसांना कमी; मात्र एका बिऱ्हाडाचे वर्षाचे एकूण पॉइंट कंपनीस वाढवितां येत नाहींत. तेथील पहिल्या रिसॉर्टचा हक्क ३१ जानेवारी २०४२ रोजीं संपतो. म्हणजे ज्यास मालकी म्हटलें जातें तें पुष्कळ अंशीं आगाऊ भरलेलें, दरसाल झिजत जाणारें भाडेंच होय.

आरंभींचा दर बहुधा थोडा उतरता ठेवलेला असतो. इमारत अर्धवट असतांना गिऱ्हाईक धजत नाहीं, आणि बांधणारास तर पैसा तेव्हांच हवा असतो. कांहीं आठवडे खपले कीं दर एक पायरी चढवावयाचा, व ही चढती भाजणी दाखवून उरलेल्यांना घाई करावयाची, असा हा क्रम आहे.

याहून अधिक लक्ष देण्यासारखी बाब म्हणजे देखभालीची वार्षिक वर्गणी. ती किंमतीपासून वेगळी असते, आणि आरंभीं लहान दिसते. नव्या छपराला गळती नसते, हें एक कारण. दुसरें असें कीं, फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणें बांधणारास कांहीं काळ वर्गणीची हमी देतां येते व तेवढ्या काळांतील तूट तो स्वतः भरतो. ही मुदत संपली कीं सर्व खर्च सभासदांच्या अंगावर येतो. किंमत एकदां चुकती झाली तरी वर्गणी हक्क असेपर्यंत चुकत नाहीं.

घाईनें सही केलेल्यास फ्लोरिडांत १० दिवसांच्या आंत करार मोडतां येतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानें ही सवड १४ दिवसांची केली, आणि तेवढ्या दिवसांत विकणाऱ्यानें आगाऊ रक्कम घेण्यास बंदी घातली.