भिंतीवरचा तो ‘रॉयल फर्न’ नव्हे

पाऊस लागला की शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून हिरवे झुपके डोकावतात आणि त्यांचे फोटो ‘रॉयल फर्न’ म्हणून फिरू लागतात. मोबाइलमधल्या ॲपनं नाव सांगितलं, विषय संपला! वर युक्तिवाद ठरलेला: नेच्याला ओल लागते, कोल्हापुरात पाऊस चिक्कार, मग का उगवणार नाही?

नाही उगवणार. भिंतीवरचा तो बहुधा टेरिस विट्टाटा. त्याला चुना मानवतो, म्हणून जुन्या दगडी सांध्यांत तो मुक्काम ठोकतो. पान उलटून बघा: लांब, अरुंद पर्णिकांच्या कडेनं तपकिरी रेघ दिसेल, ती बीजाणूंची. रॉयल फर्न म्हणजे ऑस्मुंडा. त्याचं पान दोनदा विभागलेलं आणि बीजाणू फक्त शेंड्याला, तिथं हिरवं काही उरतच नाही, नुसता तपकिरी तुरा.

आता पावसाचं. ऑस्मुंडाला चार महिन्यांची ओल पुरत नाही, मे महिन्यातही मुळं भिजलेली लागतात. शिवाय माती आम्लधर्मी हवी, चुन्याच्या अगदी उलट. म्हणून सह्याद्रीत तो महाबळेश्वरसारख्या उंच, जांभ्या दगडाच्या भागात, बारमाही ओढ्यांच्या काठी भेटतो. आपल्याकडच्या जातीला जुनी पुस्तकं ऑस्मुंडा रेगॅलिस म्हणत, आता ती ऑस्मुंडा ह्यूगेलियाना मानतात.

‘बीजाणू वाऱ्यावर कुठंही जातात की!’ जातात, पण टिकायला नकोत? बऱ्याच नेच्यांचे कोरडे बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात. ऑस्मुंडाचे हिरवे असतात, त्यांच्यात हरितद्रव्य असतं, आणि साध्या हवेत ते काही आठवड्यांतच निकामी होतात. तेवढ्या मुदतीत ओली, आम्लधर्मी जागा गाठायची. पेठेतली भिंत त्यात बसत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. हा नेचा फुलतो म्हणे: तो तपकिरी तुरा बीजाणुधान्यांचा, नेच्यांना फुलं येत नाहीत. साहेबानं विलायतेहून आणला म्हणे: हे कुळ आशिया, आफ्रिका, अमेरिकेपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेलं आहे. आणि वय विचाराल तर स्वीडनमध्ये सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं या कुळातलं खोड सापडलं, त्यात पेशींची केंद्रकं आणि गुणसूत्रंसुद्धा शाबूत दिसली. ‘सायन्स’मध्ये २०१४ साली ते छापून आलं आहे, ॲपवाल्यांनी तपासून घ्यावं.