नाणेघाट आणि जुन्नरची पेठ
जुन्नरची लेणी दाखविताना आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम नाणेघाटात नेतो. कल्याण, सोपारा या बंदरांतला माल सह्याद्री चढे तो याच खिंडीतून. घाटमाथ्यावर दमलेली जनावरे सोडावीत, ओझी उतरवावीत, सौदा करावा, यासाठी जुन्नर सोयीचे. म्हणूनच सातवाहनकाळी येथे व्यापारी-कारागीर स्थिरावले. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख येथे आहे. कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणीही लेखांत भेटतात. ज्या बुरुडकामाला जातिव्यवस्थेने पुढे अस्पृश्य ठरविले, त्याच कामाची श्रेणी धम्मदानाच्या लेखात मानाने कोरली आहे! १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, त्यानंतर थळघाटही. नाणेघाटाच्या वाट्याला रूळ आले नाहीत.