जर्मनचा गंज की लोखंडाची कढई?

अंबाडीची भाजी, चिंचेचं वरण आपल्याकडे बहुतेक घरी जर्मनच्या गंजात शिजतं. आंबटानं ॲल्युमिनियम अन्नात उतरतं. गंज भंगार वितळवून ओतलेला असेल तर शिसंही येऊ शकतं. म्हणून दारव्हा, घाटंजी, आर्णीच्या बाजारात यंदा एकच भांडं घ्यायचं असेल, तर आम्ही म्हणू, लोखंडाची कढई घ्या. बूड जाड हवं. कान हलवून पाहा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांचं रक्त कमी निघालं. आंबट भाजी लोखंडात शिजली की थोडं लोह पोटात जातं. भाजी काळी पडते, पोरं नाक मुरडतात, मुरडू द्या. शिजल्यावर मात्र लगेच स्टीलमध्ये काढा. धुतलेली कढई चुलीवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवलं की जंग चढत नाही, नातसुनेपर्यंत टिकते.

दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या कढईमुळं बंद करू नका. आणि एक गोष्ट. विदर्भातल्या बौद्ध, आदिवासी घरांत सिकलसेल बराच आहे. त्यात रक्त कमी असलं तरी लोह कमी असेलच असं नाही. वरचेवर रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात ते जास्तही साचतं. अशा घरी कढई घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.