आधी मरण, मग भूत

भयपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. पडका वाडा, करकरणारे दार, विजांचा कडकडाट. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) सारख्या चित्रपटात शेवटी राक्षसाचा नाश होतो आणि प्रेक्षक हसत घरी जातो. अशा घाबरण्यात एक मौजच असते. परंतु भयपटांचा आणखी एक प्रकार आहे. तो पाहून उठणारा माणूस स्मशानातून परतल्यासारखा गप्प होतो. हे चित्रपट आपल्याला एवढे का थकवतात, याचा थोडा विचार या लेखात करायचा आहे.

या प्रकाराची पहिली खूण अशी, की त्यात मरण आधी येते आणि भूत मागाहून. निकोलस रोग यांचा ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३) हा चित्रपट डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या कथेवर बेतलेला आहे. कथेतली मुलगी मेंदूज्वराने दगावते. चित्रपटात मात्र ती घराजवळच्या तळ्यात बुडते. तिच्या अंगात लाल रेनकोट असतो. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. आजारापुढे आईबाप हतबल असतात. पण तळे दारापाशी होते आणि आपण घरात होतो, हा विचार जन्मभर सुटत नाही. पुढे व्हेनिसच्या बोळांतून बापाला लाल कपड्यातली एक लहानशी आकृती दिसते. लेकीच्या ओढीने तो तिच्यामागे जातो आणि तेच त्याच्या जिवावर बेतते.

आरी अ‍ॅस्टर यांच्या ‘हेरेडिटरी’ (२०१८) मध्ये हीच गोष्ट अधिक निर्दयपणे येते. आई आग्रहाने धाकट्या मुलीला थोरल्या भावाबरोबर पार्टीला पाठवते. भाऊ तिला तिथे एकटी सोडतो. तिने खाल्लेल्या केकमध्ये तिला न सोसणारा सुकामेवा असतो. श्वास कोंडला म्हणून भाऊ तिला मोटारीतून दवाखान्यात नेऊ लागतो. ती हवेसाठी खिडकीबाहेर डोके काढते, आणि रस्त्यात पडलेले मेलेले जनावर चुकवताना तिचे डोके खांबावर आदळते. भाऊ मागे वळून पाहत नाही. तो मुकाट्याने घरी येतो आणि अंथरुणावर पडून राहतो. सकाळी आईची किंकाळी ऐकू येते. कॅमेरा मात्र त्या मुलाच्या चेहऱ्यावरच खिळलेला असतो. यात भुताचे कसलेही दर्शन नाही. एक केक, एक मोटार, एक खांब. चूक म्हटली तर थोडी थोडी सगळ्यांची, आणि म्हणून कुणीच ती उच्चारत नाही. पुढे जेवणाच्या टेबलावर आई आणि मुलगा एकमेकांवर तुटून पडतात, तो प्रसंग मला साऱ्या चित्रपटात सर्वांत भयंकर वाटला.

वर्गात आपण रसविचार शिकतो. भयानक रसाचा स्थायीभाव भय आणि करुण रसाचा स्थायीभाव शोक. भय झपाट्याने चढते आणि किंकाळीबरोबर ओसरते. शोकाला तशी वाट नसते. नेहमीचा भयपट केवळ भयावर चालतो. हे चित्रपट दोन्ही भाव एकाच वेळी जागे करतात. अंग भयाने ताठरलेले आणि मन शोकाने खचलेले, अशा स्थितीत दोन तास बसल्यावर थकवा येणारच. अ‍ॅरिस्टॉटलनेही आपल्या काव्यशास्त्रात सांगून ठेवले आहे, की आई आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ अशा रक्ताच्या माणसांत घात घडतो, तीच शोकांतिकेला योग्य घटना होय.

आता एक विचित्र अनुभव सांगतो. ‘हेरेडिटरी’च्या उत्तरार्धात हे सारे सैतानाच्या उपासकांचे कारस्थान होते असे उघड होते. बरोबरचे मित्र तिथे घाबरले. मला मात्र सुटल्यासारखे वाटले. म्हणजे दोष त्या घरातल्या कुणाचा नव्हता तर! असे का वाटले, हे मला आमच्या घरावरून कळले. मी बारा वर्षांचा असताना आमचे अण्णा गेले. रात्री छातीत दुखू लागले. आईला वाटले पित्त असेल, तिने ओवा दिला. पहाटे जीपमधून तालुक्याला नेले, तोवर उशीर झाला होता. नंतर गावात कुणी म्हणाले, करणी केली. आई देवऋषाकडेही जाऊन आली. कॉलेजात आल्यावर मला त्याची लाज वाटू लागली होती. आज वाटते, करणीवर तिचा विश्वास होता की नव्हता कोण जाणे. पण ओव्याची आठवण सोसण्यापेक्षा करणी सोसणे तिला सोपे गेले असावे. भुताला दोष देता येतो. ओव्याला कसा देणार?

ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंट यांचा ‘द बाबाडूक’ (२०१४) मी यासाठीच श्रेष्ठ मानतो. बाळंतपणासाठी पत्नीला इस्पितळात नेताना नवरा अपघातात मरतो. म्हणजे मुलाचा वाढदिवस हीच बापाची पुण्यतिथी. त्या दिवशी तो वाढदिवस कधीच साजरा होत नाही. नवऱ्याच्या वस्तू तळघरात कोंडलेल्या असतात, त्याचा विषय काढायचा नसतो. मग एका चित्रांच्या पुस्तकातून बाबाडूक घरात शिरतो आणि ती आई पोटच्या पोराला नको नको ते बोलू लागते. अण्णा गेल्यावर वर्षभर आई आम्हा भावंडांवर अशीच विनाकारण ओरडत असे. तिचा राग आमच्यावर नव्हता, हे मला त्या परक्या देशातल्या बाईकडे पाहून उमगले.

या चित्रपटात भूत मरत नाही. आई त्याला तळघरात ठेवते आणि अंगणातले किडे वाडग्यात घालून नेऊन देते. आणि मुलाचा वाढदिवस प्रथमच त्याच्या खऱ्या दिवशी साजरा होतो. शोकाचा नायनाट होत नसतो; त्याला घरात जागा द्यावी लागते, हा त्याचा अर्थ मला लागला.

ज्याच्या घरी नुकतेच कुणी गेले आहे त्याने हे चित्रपट रात्री एकट्याने पाहू नयेत, असे मी आपुलकीने सांगेन. इतरांनी जरूर पाहावेत. दिवाळीच्या सुटीत मी आईला त्या ओव्याविषयी प्रथमच विचारले. ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली आणि मग बोलू लागली. पहाटेपर्यंत आम्ही बोलत होतो.