टेनिस एल्बो : चिवट कोपरदुखीचे स्वरूप, उपचार आणि व्यवस्थापन

बीजशब्द : टेनिस एल्बो, कंडरा, कंडरेची झीज, स्टेरॉइड इंजेक्शन, श्रेणीबद्ध व्यायाम, कार्यपद्धतीतील बदल

प्रस्तावना :

मानवी हाताच्या सर्व व्यवहारांत कोपराचे स्थान मध्यवर्ती आहे. गुडघा दुखू लागला तर माणूस काही दिवस चालणे कमी करू शकतो; परंतु हात पूर्णपणे थांबवणे कोणासही शक्य होत नाही. लिहिणे, दार उघडणे, पिशवी उचलणे, कपडे पिळणे, कणीक मळणे या प्रत्येक क्रियेत मूठ आवळावी लागते आणि मूठ आवळली की कोपराच्या बाहेरील बाजूस कळ येते. ही वेदना काही आठवड्यांत थांबली नाही तर ती रुग्णाच्या कामावर, झोपेवर आणि मनःस्थितीवर परिणाम करू लागते. अशा वेळी लवकर आराम देणाऱ्या उपायाकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. मात्र गेल्या काही दशकांतील संशोधन असे दर्शविते की, या विकारात सर्वांत जलद आराम देणारा उपाय दीर्घकाळात रुग्णाच्या हिताचा ठरेलच असे नाही. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप, त्यावरील उपचारांचे उपलब्ध पुरावे आणि दैनंदिन जीवनात त्याचे व्यवस्थापन यांचा परामर्श घेतला आहे.

१. संज्ञा आणि पूर्वपीठिका :

‘टेनिस एल्बो’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन वैद्याने या विकाराचे वर्णन प्रथम केले, ते लेखनामुळे हाताला येणाऱ्या पेटक्यांच्या संदर्भात. लॉन टेनिसचे पेटंट इंग्लंडमध्ये १८७४ साली घेतले गेले आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. म्हणजे खेळाच्या प्रसाराआधीच हे दुखणे वैद्यकाच्या नोंदीत आले होते आणि ते लेखणी चालविणाऱ्याचे दुखणे म्हणून आले होते. १८८३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून ‘लॉन टेनिस एल्बो’ हा शब्दप्रयोग पुढे आला आणि तो रूढ झाला.

सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत सुमारे १ ते ३ टक्के लोकांना हा विकार होतो. वयाची पस्तिशी ते पन्नाशी हा त्याचा प्रमुख काळ. स्त्री व पुरुष यांच्यातील प्रमाण जवळपास सारखे असून ज्या हाताने अधिक काम केले जाते त्या हाताला तो जास्त प्रमाणात होतो. रुग्णांपैकी प्रत्यक्ष टेनिस खेळणारे फार थोडे असतात. सुतार, गवंडी, रंगारी, शिंपी, स्वयंपाकघरात दीर्घकाळ राबणाऱ्या स्त्रिया, संगणकावर काम करणारे कर्मचारी आणि अध्यापक हे याचे खरे रुग्ण होत.

२. विकाराचे स्वरूप :

दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकास, कोपराच्या बाहेरील बाजूस, हाताला लागणारा एक उंचवटा असतो. मनगट आणि बोटे मागे उचलणाऱ्या स्नायूंचा उगम या उंचवट्यापाशी होतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरास कंडरा असे म्हणतात. यांपैकी मनगट मागे उचलणाऱ्या एका आखूड स्नायूची कंडरा या विकारात प्रामुख्याने बाधित होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मूठ आवळताना बोटे मिटणारे स्नायू काम करतात, ते तर हाताच्या आतील बाजूस असतात. मग कळ बाहेरील बाजूस का येते? बोटे जोराने मिटू लागली की मनगटही आत वाकू पाहते आणि वाकलेल्या मनगटाने पकड घट्ट होत नाही. त्यामुळे मनगटाला मागून धरून ठेवण्याचे काम बाहेरील स्नायूंना करावे लागते. चहाचा कप उचलणे असो, खडू धरणे असो वा दुचाकीची मूठ पिळणे असो, प्रत्येक पकडीत या कंडरेवर ताण येतो. वजन उचलले नाही तरी कोपर का दुखते, याचे उत्तर येथे मिळते.

पूर्वी या विकाराकडे दाह म्हणून पाहिले जात असे. १९७९ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक रॉबर्ट निर्शल आणि त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे परीक्षण प्रसिद्ध केले. जुनाट दुखण्यातील कंडरेत दाहाच्या पेशी जवळजवळ आढळल्या नाहीत. आढळले ते विस्कळीत तंतू, अपरिपक्व पेशी आणि अव्यवस्थित वाढलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. म्हणजे कंडरा सुजलेली नसून झिजलेली असते आणि तिची दुरुस्ती अर्धवट राहिलेली असते. कंडरेतील तंतूंची नवनिर्मिती मुळातच मंद गतीने होते. त्यामुळे हे दुखणे आठवड्यांच्या नव्हे तर महिन्यांच्या हिशेबाने बरे होते.

वेदना दीर्घकाळ टिकली की आणखी एक प्रक्रिया घडते. मज्जासंस्था त्या भागातील संवेदनांबाबत अधिक हळवी होते आणि साध्या स्पर्शालाही मोठा प्रतिसाद देऊ लागते. म्हणून वेदनेची तीव्रता आणि कंडरेची हानी यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. दुखते म्हणजे प्रत्येक वेळी नवी इजा होते आहे, हा समज बरोबर नाही.

३. निदान :

या विकाराचे निदान बहुतांशी तपासणीनेच होते. बाहेरील उंचवट्यावर वा त्याच्या किंचित पुढे दाबल्यास दुखणे, कोपर सरळ ठेवून मनगट विरोधाविरुद्ध मागे उचलताना कळ येणे आणि पकड दुर्बळ होणे ही तीन लक्षणे महत्त्वाची आहेत. क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष येते.

मात्र कोपराच्या बाहेरील प्रत्येक वेदना टेनिस एल्बोचीच असेल असे नाही. हाताला मुंग्या येणे, बधिरता, मानेच्या हालचालीने वेदना वाढणे ही चिन्हे मानेतील मज्जातंतूवरील दाबाकडे निर्देश करतात. कोपर सांध्यातच अडकणे, सांध्याला सूज येणे, ताप असणे किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू होणे या परिस्थितीत विनाविलंब तज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. काही महिने योग्य उपचार करूनही सुधारणा नसल्यास निदानाचा पुनर्विचार व्हावयास हवा.

४. उपचारांचा पुरावा :

(अ) स्टेरॉइड इंजेक्शन : नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला आणि २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात मार्गदर्शक आहे. रुग्णांचे तीन गट करण्यात आले : स्टेरॉइड इंजेक्शन, भौतिकोपचार, आणि केवळ सल्ला देऊन वाट पाहणे. सहा आठवड्यांनंतर यशाचे प्रमाण अनुक्रमे ९२, ४७ आणि ३२ टक्के होते. येथे थांबले असते तर इंजेक्शन निर्विवाद श्रेष्ठ ठरले असते. परंतु ५२ आठवड्यांनंतर हेच प्रमाण अनुक्रमे ६९, ९१ आणि ८३ टक्के झाले. ज्यांना काहीही विशेष उपचार मिळाला नव्हता ते इंजेक्शन घेतलेल्यांच्या पुढे गेले.

ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेल्या २००६ मधील अभ्यासात, इंजेक्शनने सुरुवातीस बरे वाटलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचे दुखणे पुन्हा उलटले. तेथीलच २०१३ च्या १६५ रुग्णांवरील अभ्यासात स्टेरॉइडची तुलना औषधविरहित इंजेक्शनशी केली गेली. वर्षभरानंतर पूर्ण वा मोठी सुधारणा स्टेरॉइड गटात ८३ टक्के, तर दुसऱ्या गटात ९६ टक्के रुग्णांत होती. दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ५४ व १२ टक्के होते. स्टेरॉइड दाह शमविते व वेदना थांबविते, परंतु कंडरेच्या दुरुस्तीस त्यामुळे अडथळा येतो आणि वेदना नाहीशी झाल्याने रुग्ण हातावर अकाली भार टाकतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. मधुमेही व्यक्तींमध्ये या इंजेक्शनाने रक्तशर्करा काही दिवस वाढू शकते, तर काही रुग्णांत टोचलेल्या जागेची त्वचा फिकट पडते. याचीही जाणीव असावी.

(आ) रक्तबिंबिकायुक्त द्रव : रुग्णाच्याच रक्तातून वेगळा केलेला हा द्रव कंडरेत टोचण्याची पद्धत अलीकडच्या काळात लोकप्रिय झाली. ती खर्चिक आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात या पद्धतीने वेदना वा हाताची कार्यक्षमता यांत रुग्णाला जाणवेल असा फायदा होत नाही, असा निष्कर्ष निघाला.

(इ) शस्त्रक्रिया : फार थोड्या रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ येते. महाराष्ट्रातील वाचकांस या संदर्भात सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण आठवेल. २००४ मध्ये या दुखण्यामुळे त्यांना ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने गमवावे लागले. मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे ते पुन्हा मैदानात उतरले. त्यानंतरची त्यांची कारकीर्द सर्वश्रुत आहे. परंतु एका असामान्य खेळाडूच्या अनुभवावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी येथील २६ रुग्णांच्या अभ्यासात प्रचलित शस्त्रक्रिया आणि केवळ त्वचेला छेद देऊन केलेली लटकी शस्त्रक्रिया यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान असला तरी शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

(ई) व्यायाम : व्यायामाबाबतही अवाजवी दावा करणे उचित नाही. उपरोक्त अभ्यासांत वर्षअखेरीस भौतिकोपचार आणि वाट पाहणे यांतील अंतर अल्प राहिले. व्यायामाचा लाभ मुख्यतः मधल्या काळात होतो : वेदना लवकर आटोक्यात येते, हात वापरता राहतो आणि स्नायूंची ताकद टिकते. ज्याला नोकरी, घर आणि हात हे तिन्ही सांभाळावयाचे आहे त्याच्यासाठी हा लाभ लहान नाही.

५. श्रेणीबद्ध व्यायामाचे टप्पे :

पहिल्या टप्प्यात अग्रबाहू टेबलावर ठेवून तळहात खाली व मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवावे. दुसऱ्या हाताने वरून दाब देऊन मनगट न हलविता त्या दाबाला ३० ते ४५ सेकंद विरोध करावा. असे चार ते पाच वेळा करावे.

दुसऱ्या टप्प्यात त्याच स्थितीत हातात सुमारे अर्धा किलो वजन, उदाहरणार्थ अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्यावी. मनगट दुसऱ्या हाताच्या साहाय्याने वर न्यावे आणि आधार काढून तीन-चार सेकंदांत सावकाश खाली आणावे. अशा पंधरा आवृत्त्यांचे तीन संच करावेत. तिसऱ्या टप्प्यात वजन हळूहळू वाढवावे आणि पकड व खांदा यांच्या व्यायामांची जोड द्यावी.

भार योग्य आहे की नाही हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. वेदनेला शून्य ते दहा गुण दिल्यास व्यायामाच्या वेळी तीन-चार गुणांपर्यंतची वेदना चालू शकते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्वस्थितीला यावयास हवी. तशी न आल्यास भार कमी करावा, व्यायाम सोडू नये. सुधारणा दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. आरंभी भौतिकोपचारतज्ज्ञाकडून पद्धत समजून घेणे श्रेयस्कर होय.

६. अध्यापकांची कार्यपद्धती आणि कोपर :

अध्यापकांच्या हातावर ताण आणणारी कामे ठळक आहेत. फळ्यावर खांद्याच्या वरच्या पातळीवर लिहिताना मनगट मागे वळलेले राहते. उत्तरपत्रिका तपासताना बारीक पेन तासन् तास घट्ट धरला जातो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाधारित मूल्यांकन सुरू केले. अशा मूल्यांकनात लेखणीची जागा माउसने घेतली, परंतु माउसवर उचललेले मनगट धरून ठेवणारा स्नायू तोच आहे. साधन बदलले तरी ताणाचे स्थान बदलले नाही.

पुढील बदल अल्पखर्चिक व परिणामकारक आहेत. फळ्यावर शक्यतो छातीच्या उंचीवर लिहावे. जाड पकडीचा पेन वापरावा. माउस शरीराजवळ ठेवून अग्रबाहूस टेबलाचा आधार द्यावा. तपासणीचे काम एकाच बैठकीत न संपविता दर अर्ध्या तासाने हात मोकळा करावा. पुस्तके वा पिशवी उचलताना तळहात वरच्या दिशेने व कोपर शरीराजवळ असावे. घरकामात कपडे पिळणे, नारळ खवणे, जड तवा एका हाताने उचलणे ही कामे काही काळ घरातील इतरांनी वाटून घ्यावीत. येथे कुटुंबाचे सहकार्य हा उपचाराचाच भाग ठरतो, कारण महाविद्यालयातून परतलेल्या अध्यापिकेच्या हाताला घरी विश्रांती मिळतेच असे नाही.

कोपराखाली दोन-तीन बोटे अंतरावर बांधावयाचा पट्टा कामाच्या वेळी काहींना उपयोगी पडतो. तो झोपताना काढावा. वेदनाशामक मलमाने अल्पकाळ आराम मिळतो. वेदनाशामक गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय दीर्घकाळ घेऊ नयेत. त्यांचा जठर व मूत्रपिंड यांवर दुष्परिणाम होऊ शकतो. हात पूर्णपणे बांधून ठेवणेही हितावह नाही, कारण भाराअभावी कंडरा अधिक दुर्बळ होते.

निष्कर्ष :

१) चिवट टेनिस एल्बो हा मुख्यतः कंडरेच्या झिजेचा व अपूर्ण दुरुस्तीचा विकार असून बहुसंख्य रुग्णांत तो सुमारे वर्षभरात बरा होतो.

२) स्टेरॉइड इंजेक्शनने सहा आठवड्यांत मिळणारा आराम वर्षाच्या हिशेबात तोट्याचा ठरू शकतो. रुग्णाने संमती देण्यापूर्वी त्यास दोन्ही कालखंडांतील परिणाम सांगितले गेले पाहिजेत.

३) मोजका भार, श्रेणीबद्ध व्यायाम आणि कामाच्या पद्धतीतील बदल यांमुळे बरे होण्याचा काळ सुसह्य होतो व हात वापरता राहतो.

४) मूल्यांकनाच्या हंगामात कामाची विभागणी, योग्य उंचीचे टेबल व फळा या बाबी संस्थांच्या आवाक्यातील आहेत. कोपरदुखी ही केवळ वैयक्तिक तक्रार न मानता कार्यस्थळाच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून तिच्याकडे पाहिले जाणे आवश्यक आहे.