शंभर जुने रिव्ह्यू असूनही देवळीतलं दुकान गूगलवर मागे का पडतं?

समजा, एक गाडी यवतमाळहून वर्ध्याकडे निघालीय. रात्रीचे आठ वाजलेत. देवळीच्या अलीकडे मागचं चाक बसतं. ड्रायव्हर गावात कुणालाच ओळखत नाही. तो मोबाईल काढतो आणि गूगलवर टाकतो, ‘पंक्चर दुकान जवळपास’. नकाशासोबत तीन नावं येतात. पहिल्याचं रेटिंग ४.९, पण शेवटचा रिव्ह्यू तीन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याचं ४.५, आणि चार दिवसांपूर्वी कुणीतरी लिहिलंय, ‘रात्री साडेनऊला पण दुकान उघडं होतं.’

फोन कुणाला जाणार हे उघड आहे. पहिलं दुकान कदाचित जास्त चांगलंही असेल. पण ते अजून चालू आहे की बंद पडलं, एवढीच शंका ग्राहक हातचा घालवायला पुरते.

वर्धा जिल्ह्यातलं देवळी हे तालुक्याचं गाव. वर्धा इथून साधारण १८ किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या दुकानदाराची खरी स्पर्धा शेजारच्या दुकानाशी कमी आणि वर्ध्याशी जास्त असते. चष्मा करायचाय, मोबाईलची स्क्रीन बदलायचीय, दातांचा डॉक्टर हवाय, की माणूस गाडीला किक मारतो आणि सरळ वर्धा गाठतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, तीही देवळीवरूनच जाते. म्हणजे गावात येणं सोपं झालं आणि गावातून बाहेर जाणंही. अशा वेळी ‘हे काम इथेच होतं’ ही माहिती मोबाईलवर दिसणं महत्त्वाचं ठरतं.

गूगल स्थानिक दुकानांचा क्रम तीन गोष्टींवर लावतो आणि त्या त्याने स्वतःच जाहीर केल्यात. शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून ते किती अंतरावर आहे, आणि ते किती नावाजलेलं आहे. अंतर दुकानदाराच्या हातात नाही. संबंध म्हणजे प्रोफाइलवर धंद्याचा प्रकार, वेळा, फोन नंबर, फोटो नीट भरणं. हे एका दुपारचं काम आहे आणि फुकट आहे. ‘गूगलमधून बोलतोय, प्रोफाइल चालू ठेवायला एवढे हजार भरा’ असा फोन आला तर तो खोटा समजावा.

उरलं नाव. रिव्ह्यूंची संख्या आणि त्यांचं रेटिंग या दोन्हींचा क्रमावर परिणाम होतो, असं गूगल स्पष्ट सांगतो. ताजेपणाला किती गुण मिळतात हे मात्र तो उघड करत नाही. तरीही ताजेपणाचा फायदा दुसऱ्या वाटेने होतो. रिव्ह्यूखाली ‘४ दिवसांपूर्वी’ की ‘३ वर्षांपूर्वी’ हे लिहिलेलं असतं आणि माणूस ते वाचतोच. शिवाय रिव्ह्यूमधले शब्दही उपयोगी पडतात. कुणी ‘तर्री पोहे मस्त’ लिहिलं असेल, तर तर्री पोहे शोधणाऱ्याला ते वाक्यच दुकानाच्या नावाखाली दिसू शकतं. ‘नाइस’ आणि ‘गुड सर्व्हिस’ अशा दहा रिव्ह्यूंपेक्षा असा एक जास्त काम करतो. भाषा मराठी असली तरी अडत नाही. बाहेरच्या माणसाला गूगल भाषांतर करून दाखवतो.

एक गोष्ट मात्र देवळीला खास नडते. इंग्रजीत गावाचं नाव जसं लिहितात, तसंच राजस्थानातल्या टोंक जिल्ह्यातल्या देवळीचंही लिहितात. त्याच नावाचा भाग दिल्लीतही आहे. गावात उभं राहून शोधणाऱ्याला याचा त्रास नाही. पण पुण्यात बसून घरच्या कार्यासाठी हॉल शोधणाऱ्याला आधी राजस्थान दिसलं, असं होऊ शकतं. म्हणून पत्त्यात वर्धा जिल्हा आणि पिनकोड हवाच.

आता संख्येचा खेळ. एका दुकानाला २० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.८. एखाद्या चिडलेल्या गिऱ्हाइकाने एकच स्टार दिला, तर सरासरी थेट ४.६ वर येते. त्याच दुकानाला १२० रिव्ह्यू असते, तर तोच एक स्टार पडूनही आकडा ४.८ च दिसला असता. आठवड्याला दोन रिव्ह्यू आले तरी वर्षभरात शंभराचा टप्पा पार होतो. हळूहळू साचलेली ही भर वाईट दिवसासाठी गाठीला बांधलेल्या पैशासारखी असते.

याचा खरंच धंद्यावर परिणाम होतो का? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या रेस्टॉरंटचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला होता. येल्प या साइटवर रेटिंग एका स्टारने वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. त्यातली जास्त रंजक गोष्ट पुढेच आहे. हा परिणाम स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटवर दिसला. देशभर शाखा असलेल्या साखळ्यांवर नाही. मोठ्या ब्रँडचं नाव ग्राहकाला आधीच माहीत असतं. छोट्या दुकानाची ओळख करून द्यायला इतर गिऱ्हाइकांचे शब्दच असतात. सिॲटल कुठे आणि देवळी कुठे, पण हा तर्क इथेही लागू पडतो.

मग दुकानदार काय करतात? बहुतेक जण काहीच करत नाहीत. काही जण एका उत्साहाच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकतात आणि संध्याकाळपर्यंत पंचवीस ‘फाइव्ह स्टार’ गोळा करतात. यातले निम्मे दुकानात कधी आलेलेच नसतात. नेमक्या याच प्रकाराकडे गूगलची यंत्रणा लक्ष ठेवून असते. कमी वेळात एकदम आलेले एक किंवा पाच स्टारचे रिव्ह्यू तिला संशयास्पद वाटतात. नियम मोडणारे २४ कोटींहून जास्त रिव्ह्यू २०२४ मध्ये रोखले किंवा काढून टाकले, असं गूगलने सांगितलं होतं. बनवाबनवी पकडली गेली तर नवे रिव्ह्यू घेणं काही काळ बंद होऊ शकतं, आधीचे लपवले जाऊ शकतात आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना प्रोफाइलवरच झळकू शकते. गावात याहून मोठी नाचक्की कोणती?

सवलतीचं आमिषही चालत नाही. ‘रिव्ह्यू द्या, दहा टक्के सूट घ्या’ हे गूगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश दिसणाऱ्या गिऱ्हाइकालाच विचारायचं आणि नाराज माणसाला टाळायचं, हेही नाही. आणि गावाकडे सर्रास दिसणारी गोष्ट, ‘आणा काका तुमचा मोबाईल, मीच टाकून देतो’ म्हणत दुकानदारानेच पाच स्टार दाबणं, हा तर सरळ खोटा रिव्ह्यू झाला. काकांचा हेतू चांगला असला तरी.

भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं नेमून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, असं ते सांगतं. सध्या ते ऐच्छिक आहे.

या विकतच्या रिव्ह्यूंचा धागा सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकापर्यंत येतो. ‘घरबसल्या कमवा, गूगल मॅपवर हॉटेलला फाइव्ह स्टार द्या, एका रिव्ह्यूचे दीडशे रुपये’ असे मेसेज व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरतात. सुरुवातीचे दोन-तीनशे रुपये खरंच खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतात, आधी पैसे भरा आणि नंतर जास्त मिळवा. तिथून माणूस लाखांत बुडतो. पुणे, मुंबईसह राज्यभर पोलिसांकडे अशा तक्रारी आल्यात. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

सरळ मार्ग मात्र कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्यासाठी लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. तो छापून पैसे घ्यायच्या क्यूआरशेजारी लावायचा. तसाही गिऱ्हाइकाचा मोबाईल त्या वेळी हातातच असतो. आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य बोलायचं, ‘काकाजी, काम कसं वाटलं ते गूगलवर लिहून द्या न जी.’ दहांतले आठ विसरतील. उरलेले दोन पुरेसे आहेत. टाइप करायचा कंटाळा असेल त्याने बोलून लिहावं, मोबाईलला मराठी कळतं.

कापूस आणि सोयाबीनच्या या भागात अडचण वेगळीच आहे. कृषी केंद्रावर जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि तेव्हाच रिव्ह्यू मागायला कुणाला सवड नसते. शिवाय बियाणं कसं निघालं हे जूनमध्ये कळतही नाही. ते कळतं पीक घरी आल्यावर. म्हणजे अशा दुकानाने विचारायची वेळ बिल करतानाची नाही, दिवाळीच्या आसपासची, जेव्हा शेतकरी उधारी चुकती करायला किंवा रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं न्यायला येतो. लग्नाचा मंडप आणि केटरिंगवाल्यांचंही तसंच. हंगामात चाळीस कार्यं आणि नंतर शांतता. त्यांनी प्रत्येक कार्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या घरी लिंक पाठवली, तर निदान हंगामभर तरी नवे रिव्ह्यू येत राहतात.

वाईट रिव्ह्यू आला तर? नियम मोडत असेल तरच तो काढण्याची विनंती करता येते, ‘मला आवडला नाही’ एवढ्यावर नाही. उत्तर मात्र नक्की देता येतं आणि ते त्या एका गिऱ्हाइकापेक्षा पुढच्या वाचणाऱ्यांसाठी असतं. ‘त्या दिवशी कारागीर रजेवर होता, पुन्हा या, दुरुस्ती मोफत करून देतो’ हे वाचून विश्वास वाढतो. ‘तुम्हीच उधारी बुडवली’ हे वाचून उलट होतं, मग ते खरं का असेना. डॉक्टरांनी तर जास्तच जपून लिहावं, कारण रागाच्या भरात पेशंटचा आजार चारचौघांत उघड झाला तर तो प्रश्न स्टारपेक्षा बराच मोठा होतो.