थकीत आयकराची सूचना आणि मुदत ठेवीवरील करकपात

आयकर विभागाकडून थकबाकीची सूचना येताच काही करदाते धास्तीने लगेच रक्कम भरून मोकळे होतात, तर काही जण तो कागद फायलीत लावून विसरून जातात. मागणी चुकीची असेल तर भरलेली रक्कम परत मिळविण्यास बराच काळ जातो. आणि उत्तरच न दिल्यास मागणी मान्य असल्याचे धरून पुढील कार्यवाही होऊ शकते.

सूचना खरी आहे की नाही, हे आधी पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर त्याची खातरजमा लॉगिन न करताही होते. ईमेलमधील दुव्यावर खात्याचा तपशील किंवा ओटीपी मागणारी ‘सूचना’ विभागाची नव्हे.

विवरणपत्राची तपासणी बंगळुरू येथील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात होऊन १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम १४३(१) अन्वये जी सूचना येते, तीत करदात्याने दाखविलेले व विभागाने धरलेले आकडे शेजारी-शेजारी असतात. फरक बहुधा तेथेच सापडतो. (आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ असली, तरी त्यापूर्वीच्या वर्षांच्या मागण्यांना जुन्याच तरतुदी लागू राहतात.)

बँकेच्या ग्राहकांबाबत हा फरक अनेकदा व्याजावरील करकपातीतून उद्भवतो. समजा, एका निवृत्त ठेवीदारास २०२२-२३ या वर्षात ८०,००० रुपये व्याज मिळाले व बँकेने १० टक्क्यांनी ८,००० रुपये कर कापला. मात्र ठेवीच्या नोंदीत त्यांच्याऐवजी सहखातेदार पत्नीचा पॅन होता. ठेवीदाराने विवरणपत्रात ८,००० रुपयांची वजावट मागितली. परंतु त्यांच्या फॉर्म २६एएसमध्ये ती रक्कम नाही. परिणामी मागणी निघाली. येथे रक्कम पुन्हा भरणे अनावश्यक होय. ठेवीदाराने पॅनची प्रत जोडून शाखेकडे लेखी अर्ज करावा. बँकेने करकपातीचे सुधारित विवरणपत्र दाखल केल्यावर नोंद योग्य पॅनवर येते. मग कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती करावी. तिची मुदत, ज्या आर्थिक वर्षात आदेश झाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षे आहे.

दरम्यान संकेतस्थळावरील ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ या सदरात मागणी अमान्य असल्याचे सकारण नोंदवावे. मागणी भरण्यास ३० दिवस मिळतात. त्यानंतर दरमहा, किंवा महिन्याच्या अंशालाही, एक टक्का व्याज लागते. मागणी रास्त असल्यास अर्थातच भरून टाकणे स्वस्त पडते. अपील करावयाचे असल्यास त्याचीही मुदत ३० दिवसांचीच आहे. पगारातून कर कापूनही मालकाने तो सरकारजमा केला नसेल, तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्यास थेट जबाबदार धरता येत नाही, असे कलम २०५ सांगते. या कलमाचा आधार घेणारे करदाते फारच थोडे.

मागणी थकल्यास विभाग कलम २२६(३) अन्वये बँकेलाच सूचना पाठवू शकतो. तेव्हा शाखेत येऊन कर्मचाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बँकेने आदेश पाळला नाही, तर त्या रकमेपुरती बँकच कसूरदार ठरू शकते. आदेश मागे घेण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्याचा. संयुक्त खात्यात मात्र सर्व धारकांचे वाटे समान मानले जातात; प्रत्यक्ष स्थिती निराळी असल्यास तसे सिद्ध करावे लागते. त्यामुळे खात्यातील पैसा कोणाचा, याचे कागद जपलेले बरे.

जुन्या किरकोळ मागण्यांचा प्रश्न २०२४ मध्ये बराचसा सुटला. करनिर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या थकीत नोंदी, प्रत्येक करदात्यास एकूण एक लाखाच्या मर्यादेत, रद्द करण्यात आल्या. तशी नोंद आपल्या नावावर अद्याप दिसते काय, हे संकेतस्थळावर एकदा पाहता येईल.